लक्षात राहिलेलं वाक्य : नव्या ख्रिस्ती लेखकांनी वाचनगट कसा जमवावा

रविवारची उपासना संपते, लोक बाहेर चहाला थांबलेले असतात, आणि कुणीतरी हळूच जवळ येऊन पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढतं. "आंटी, थोडं लिहिलंय. वाचाल का?" पुण्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चेसमध्ये, हे मी कितीदा तरी पाहिलंय. पुढचंही ठरलेलंच असतं. वाचणारा म्हणतो, "फार छान! प्रभू तुमचा असाच वापर करो." लिहिणाऱ्याला दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा वही उघडतो, तेव्हा छान म्हणजे नेमकं काय छान होतं हे त्याला ठाऊक नसतं. मग तो एकतर तेच पुन्हा लिहितो, नाहीतर लिहिणंच सोडतो.

बरं वाटणं आणि बळ येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बळ येतं ते आपलंच एखादं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर. आम्ही सहा-सात जण बरीच वर्षं महिन्यातून एकदा जमतो, लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतो. त्यातून जे कळलं ते इथे क्रमानं सांगते. तुमच्या भागात असा गट नसेल तर तुम्हीच सुरू करा. त्यासाठी लेखक म्हणून नाव झालेलं असावं लागत नाही.

आधी एक पान

माणसं शोधायच्या आधी एक पान लिहून हाताशी ठेवा. पुस्तकाचा विचार आत्ता नको. आपल्याकडे लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण साक्षीपासून, म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगण्यापासून, सुरुवात करतो, आणि साक्ष म्हटलं की जन्म, शाळा, आजारपण, बाप्तिस्मा, लग्न, नोकरी असं सगळं एका दमात येतं. त्यातला एकच दिवस घ्या. जमलं तर एकच तास. आई दवाखान्यातून घरी आली ती संध्याकाळ, किंवा वडिलांनी पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली तो प्रसंग. पाचशे-सहाशे शब्द पुरे. मोठ्यानं वाचायला पाच मिनिटं लागतील एवढंच.

माणसं

चारपेक्षा कमी नकोत आणि सातपेक्षा जास्त नकोत. चारांपैकी एक आजारी पडला की बैठक बारगळते, आणि सातच्या वर गेलात की कुणाचं तरी वाचायचं लागोपाठ राहून जातं. ज्याचं दोनदा राहिलं तो तिसऱ्यांदा येत नाही.

सगळे एकाच मंडळीतले नसावेत, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात हे सोपं आहे. कॅम्प, क्वार्टर गेट, नाना पेठ, गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय, खडकी, येरवडा, वडगाव शेरी, पिंपरी, एका बसच्या अंतरावर कितीतरी परंपरांची माणसं राहतात. कुणी मिस्सा म्हणतं, कुणी उपासना. कुणाचे फादर, कुणाचे पाळक. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं नगर, श्रीरामपूर, संगमनेर, जालना, सोलापूर अशी बाहेरची आहेत. आमच्यातले एक काका अजून "कव्हाशिक" म्हणतात आणि तसंच लिहितात. आम्ही ते कधी दुरुस्त केलं नाही. सगळी माणसं एकाच देवळातली असली की सगळ्यांना सगळं आधीच कळलेलं असतं, आणि कागदावर काय आलं नाही ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी दोन माणसं आवर्जून शोधा. एक, जो स्वतः लिहीत नाही पण भरपूर वाचतो. दुसरा, जमलं तर, ख्रिस्ती नसलेला मित्र. "माझ्यावर ओझं आलं", "मला स्पर्श झाला", "दार उघडलं" ही वाक्यं आपण सहज बोलतो. तो थांबवून विचारेल, "कसलं ओझं? कुठलं दार?" ते प्रश्न फार मोलाचे असतात.

पाळकांना किंवा फादरांना अध्यक्ष करू नका. त्यांचा मान राखूनच सांगते. ते समोर असले की प्रत्येक जण उपदेश लिहून आणतो. त्यांना वर्षातून एकदा पाहुणे म्हणून बोलवा आणि त्यांचंही एक पान वाचायला लावा.

जागा आणि वेळ

देवळाच्या बाजूची खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर कुणाचं घर. हॉटेलात बसू नका. रडू येण्यासारखं काही वाचायचं असेल तर तिथे माणूस आवाज चोरतो. महिन्यातला ठरावीक दिवस पक्का करा, जसं दुसरा रविवार, दुपारी साडेतीन. दोन तासांत चार जणांचं नीट होतं, प्रत्येकाला साधारण पंचवीस मिनिटं. खाण्याचा बेत वाढवू नका. आमच्याकडे एकदा पुलावावरून असं झालं की ज्यांच्या घरी बैठक होती त्या ताईंचं सगळं लक्ष कुकरकडे राहिलं. तेव्हापासून चहा आणि खारी, बस.

सुरुवातीला एक लहान प्रार्थना करा. पण प्रार्थनेतून कुणाला सुधारू नका. "प्रभू, या बहिणीला लिहिताना नम्रता दे" ही प्रार्थना नाही, ती डोळे मिटून केलेली टीका आहे, आणि तिला उत्तरही देता येत नाही.

वाचन आणि पहिली फेरी

ज्याचं लिखाण त्यानंच मोठ्यानं वाचायचं. बाकीच्यांच्या हातात झेरॉक्स आणि पेन्सिल. जिथे वाचणारा अडखळतो तिथे वाक्य बहुधा लांबलेलं असतं किंवा खोटं असतं. जीभ ते डोळ्यांच्या आधी पकडते. वाचून झाल्यावर मिनिटभर कुणीच बोलायचं नाही.

मग पहिली फेरी. कागद उलटा ठेवायचा आणि प्रत्येकानं आपल्या लक्षात राहिलेलं एक वाक्य किंवा चित्र सांगायचं. "छान" नाही, "आवडलं" नाही. फक्त काय राहिलं ते. जसंच्या तसं आठवलं नाही तरी चालेल.

ही रीत आम्ही एका चुकीतून शिकलो, आणि ती चूक माझी होती. गट नवा होता. एका तरुण मुलानं उत्तम शुक्रवारवर (गुड फ्रायडेवर) कविता आणली. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. मी त्याला यमकं कुठे ओढूनताणून आणलीत, मात्रा कुठे ढळल्यात, कुठले शब्द स्तोत्रांतून उसने घेतलेत हे एकेक करून दाखवलं. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो "थँक यू आंटी" म्हणाला, वही पिशवीत ठेवली आणि परत कधी आला नाही. त्या कवितेत एक ओळ होती, क्रूसाच्या लाकडाला सुताराच्या हातांची ओळख पटली अशा अर्थाची. ती मला आजही आठवते, आणि त्या दिवशी मी ती त्याला सांगितली नाही. सांगितली असती तर बाकीचं सगळं त्यानं ऐकून घेतलं असतं, असं मला वाटतं.

आता दुसरं उदाहरण. एक नर्सताई रात्रपाळीबद्दल दीड पान लिहून घेऊन आल्या. सुरुवात अशी होती: "परमेश्वराच्या अगाध कृपेने व अपार करुणेने मला रुग्णसेवेचे पाचारण झाले." पुढे सेवेचं महत्त्व, मग चांगल्या शोमरोन्याचा दाखला (वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची येशूनं सांगितलेली गोष्ट), मग तरुणांना आवाहन. मध्येच कुठेतरी दोन ओळी होत्या: "पहाटे चारला वॉर्डात दोनच आवाज असतात. सलाईनच्या स्टँडची करकर आणि सात नंबरच्या आजींच्या बांगड्या. आजी झोपेतसुद्धा भाकरी थापतात."

कागद उलटे झाले आणि सहापैकी पाच जण आजींबद्दल बोलले. सहावे काका म्हणाले, "मला ते बांगड्यांचं." नर्सताई गोंधळल्या. "पण ते तर मी नुसतं सांगितलं. ते लिखाण थोडंच आहे?" पुढच्या महिन्यात लेख त्या बांगड्यांपासून सुरू झाला. शोमरोनी गेला, आवाहन गेलं. शेवटाकडे एवढंच उरलं: "मी आजींचे हात धरले नाहीत. थापू दिलं. उभ्या उभ्याच प्रार्थना केली." त्यांना कुणी काही कापायला सांगितलं नव्हतं. काय पोचलं हे कळल्यावर काय पोचलं नाही ते त्यांना आपोआप दिसलं.

दुसरी फेरी : टीका

पहिली फेरी झाल्यावरच कागद सरळ करायचा. आता अडलेल्या जागा सांगायच्या. यासाठी तीन वाक्यं पुरतात: "इथे मला कळलं नाही." "इथे माझं लक्ष उडालं." "इथे मला आणखी हवं होतं." प्रत्येक वेळी ओळीवर बोट ठेवून बोलायचं. "एकूण जरा पसरट वाटतं" अशा शेऱ्याचं लिहिणाऱ्यानं काय करायचं?

तुमची टीका लिखाणावर असावी, जगण्यावर नको. एखाद्या बाईंनी नवऱ्याच्या दारूबद्दल लिहिलं तर त्यांनी त्याला सोडायला हवं होतं की क्षमा करायला हवी होती, हा त्या दिवसाचा विषय नाही. त्या प्रसंगात दाराची कडी आतून होती की बाहेरून हे लिखाणातून कळत नसेल, तर ते विचारा. शुद्धलेखन मोठ्यानं सांगू नका. पेन्सिलीनं खूण करून कागद परत द्या. ऱ्हस्व-दीर्घावर वीस मिनिटं घालवणारा गट मी पाहिलाय. तिथे आता फक्त ऱ्हस्व-दीर्घ जाणणारेच उरलेत.

ज्याचं लिखाण त्यानं या फेरीत बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड. "मला असं म्हणायचं होतं की…" हे ओठांवर येतंच. ते गिळा आणि वहीत लिहा. जे म्हणायचं होतं ते कागदावर का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच वाक्यात असतं. शेवटी पाच मिनिटं त्याला द्या. त्यात त्यानं सफाई न देता प्रश्न विचारायचे.

आणि सगळं मान्य करायची गरज नाही. एकट्याचंच म्हणणं असेल तर ऐकून सोडून देता येतं. तिघांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं तर तिथे काहीतरी आहे. त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असेल, पण दुखणं खरं असतं.

आपल्या लिखाणातल्या खास अडचणी

पहिली अडचण नाजूक आहे. "हे प्रभूनं माझ्याकडून लिहवून घेतलं." असं कुणी म्हणालं की बाकीचे गप्प होतात, कारण प्रभूच्या लिखाणात चुका कोण काढणार? त्या भावनेचा अनादर करू नका. फक्त लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओव्या एकत्र वाचा. प्रेरणेनं लिहिणारा लूक तिथे सांगतो की त्यानं सगळ्या गोष्टींचा मुळापासून नीट शोध घेतला, अनुक्रमे लिहायचं ठरवलं, आणि हे कुणासाठी लिहितोय तेही सांगतो. प्रेरणा आणि मेहनत त्याच्या हातात एकत्रच होत्या.

दुसरी अडचण देवळातली भाषा. घरी आपण "आईला बरं वाटलं" म्हणतो, कागदावर ते "मातेस आरोग्यदान लाभले" होतं. ही भाषा जुनी म्हणून वाईट आहे असं नाही. तिनं कित्येकांना मरणाच्या दारात धीर दिलाय. पण ती तुमची नसेल तर वाचणाऱ्याला कळतं. पंडिता रमाबाईंना हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करावंसं वाटलं ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी, आणि ते काम त्यांनी इथेच, पुणे जिल्ह्यातल्या केडगावी केलं. त्यांच्याआधी तीनशे वर्षांवर, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स या इंग्रज माणसानं ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी ओवी उचलली होती. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचं काय आहे ते दोघांनी आधी शोधलं.

तिसरी अडचण, वचनं. पाठ आहे म्हणून लिहू नका. अध्याय आणि ओवी उघडून ताडून बघा आणि कुठलं भाषांतर वापरलंय ते ठरवून तेच शेवटपर्यंत ठेवा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वाचकांकडे वेगवेगळी भाषांतरं असतात. दीड पानात दोनपेक्षा जास्त वचनं आली तर गटानं विचारावं, यातलं कुठलं त्या दिवशी खरंच आठवलं होतं? सिद्धांताचा वाद निघाला तर तो नोंदवून आपापल्या पाळकांना किंवा फादरांना विचारायचा. गटाला त्याचा निवाडा करायचा नसतो.

चौथी अडचण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे दुसऱ्याची गोष्ट. तुमच्या साक्षीत तुमची बहीण असते, दीर असतो, पहिली मंडळी सोडून आलेला शेजारी असतो. त्यांना विचारल्याशिवाय ते छापायला देऊ नका. नाव बदलून भागत नाही, गावात सगळे ओळखतात. गटात वाचलेलं गटातच राहील हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकमेकांना सांगा. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हणून बाहेर गेलेली एक गोष्ट सगळा गट मोडू शकते.

घरी जाऊन

त्याच रात्री दुरुस्ती करू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग सगळ्यांच्या झेरॉक्स समोर मांडा आणि जिथे सगळ्यात जास्त पेन्सिल पडलीय तिथून सुरू करा. दुसरा खर्डा पहिला समोर न ठेवता लिहून बघा. जे खरं असतं ते आठवतं.

पुन्हा लिहायचा कंटाळा येतो तेव्हा मी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय काढते. यिर्मया सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईनं लिहून घेतो. थंडीचे दिवस असतात. राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसून ऐकतो आणि तीन-चार रकाने वाचून झाले की चाकूनं तेवढा भाग कापून विस्तवात टाकतो. सगळी गुंडाळी जळते. मग बारूख दुसरी गुंडाळी घेतो आणि पुन्हा बसतो. अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की पहिलीतले सगळे शब्द तर त्यानं लिहिलेच, शिवाय तशाच आणखी पुष्कळ शब्दांची भर पडली. दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा भरलेला होता.

दोन बैठकांच्या मधले दिवस

व्हॉट्सॲप ग्रुप ठेवा, पण त्यावर लेख टाकू नका. तिथे हात जोडलेली चित्रं येतात आणि काम संपतं. तो दिवस आणि जागा कळवण्यापुरता असू द्या. धीर द्यायचा असेल तर एकट्या माणसाला फोन करा. "ते आजींचं पुढे काय झालं? लिहिताय ना?" एवढंच पुरतं. बायबलमधल्या बर्णबाचं काम हेच होतं. शौलाला (पुढच्या संत पौलाला) कुणी जवळ करेना तेव्हा त्यानं जाऊन त्याला हाताला धरून आणलं.

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचं शालेय शिक्षण नव्हतं. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते बाईंनी पुरं केलं. आणि 'स्मृतिचित्रे' त्यांनी लिहिली ती मुलानं, देवदत्तांनी, आठवणी लिहून काढायला लावल्या म्हणून. घरात बोलत होत्या तशाच त्या कागदावर उतरल्या. घरातल्या बाईच्या गप्पांत काही आहे हे कुणीतरी ओळखलं आणि मागे लागून लिहायला लावलं. तुमच्या गटात अशी एखादी बाई असेल. ती म्हणेल, "मला कुठं लिहिता येतं?" तिला बोलू द्या आणि दुसऱ्या कुणीतरी उतरवून घ्या. गटात बारूखचीही गरज असते.

बाहेर पाठवणं

तीन-चार बैठकांतून गेलेला लेख पाठवायला हरकत नाही. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'पासून मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा आहे. जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांचं 'निरोप्या' मासिक १९०३ पासूनचं. पाठवण्याआधी निदान दोन-तीन अंक वाचा, तिथे काय येतं ते बघा. फक्त ख्रिस्ती अंकांपुरतेच राहू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपली मराठी सगळ्या मराठीची आहे. तुमच्या रात्रपाळीचा लेख कुठल्याही दिवाळी अंकाला पाठवता येतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. लेख युनिकोडमध्ये टाइप करा. मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डनं होतं, बोलूनही टाइप होतं, फक्त नंतर एकदा मोठ्यानं वाचून तपासा. आणि नाताळच्या अंकासाठीचा मजकूर पावसाळा सरतानाच तयार ठेवा, डिसेंबर उजाडल्यावर पाठवू नका.

उत्तर आलं नाही, किंवा "साभार परत" आलं, तर तो लेख दडवू नका. आमच्याकडे परत आलेला लेख पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी वाचला जातो. नर्सताईंचा दोनदा आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा गटात नवा आलेला एक मुलगा होता, त्यानं तो कधीच ऐकला नव्हता. कागद उलटे झाले. पाळी त्याच्याकडे आली तेव्हा तो काही बोलला नाही. त्यानं दोन तळवे एकमेकांवर ठेवून भाकरी थापल्यासारखे हलवून दाखवले.